रविवार आपल्याला कोणी मिळवून दिला?



आमच्या युवक गटातला एक मुलगा सलग तीन रविवार मिस्साला दिसला नाही. चौथ्या रविवारी रात्री तो आमच्या घरी आला आणि पायरीवर बसूनच म्हणाला, "मास्तर, फादरांना सांगून मला एक चिठ्ठी द्या. शेठ म्हणतो, लेखी आण." मुलगा नवापूरकडचा. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर काम करतो. एक आठवडा सकाळी आठ ते रात्री आठ, दुसरा आठवडा रात्री आठ ते सकाळी आठ. दिवसपाळी असली की रविवारीही आठला हजर व्हावे लागते, आणि आपली मराठी मिस्सा साडेआठची.

चिठ्ठी आम्हीच लिहिली. फादरांनी सही केली, चर्चचा शिक्का मारला. आम्ही तिच्यात राज्यघटनेचे पंचविसावे कलम घातले, तिसरी आज्ञा घातली, आणि पत्र फार चांगले उतरले असे आम्हाला वाटले. शेठजींनी ते वाचून परत दिले. "आज हा आणेल, उद्या दुसरा आणेल, मग मशीन कोण चालवणार?" असे म्हणाले म्हणे. मुलगा हे हसत सांगत होता. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण दुसऱ्याच रविवारी आम्ही सगळ्या गटासमोर त्याचे नाव घेऊन, देवासाठी एक तास काढता येत नाही का, असे बोललो होतो.

बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता. पुढे तो फारसा उपयोगी पडला नाही, पण या निमित्ताने पुन्हा पुस्तके काढली. उपासनेसाठी मालकाकडे वेळ मागणारे आपण काही पहिले नाही. आपल्या आधी ज्यांनी मागितला त्यांनी कसा मागितला, आणि कोणाला मिळाला?

सर्वांत जुना अर्ज पवित्र शास्त्रातच आहे. निर्गमच्या पाचव्या अध्यायात मोशे आणि अहरोन फारोकडे जातात आणि रानात तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन परमेश्वराची उपासना करण्यासाठी मोकळीक मागतात. पुढची मोठी सुटका आपण नेहमी वाचतो, पण हा पहिला अर्ज फक्त रजेचा होता हे विसरतो. फारोचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो की हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून यांना देव आठवतो. त्याच दिवशी तो हुकूम काढतो की विटांसाठी लागणारा पेंढा यापुढे मिळणार नाही, तो त्यांनीच गोळा करायचा, पण विटांची संख्या मात्र कमी होता कामा नये. मग इस्राएलच्या मुकादमांना मार बसतो आणि ते उलटून मोशेवरच रागावतात. ज्याने रजा मागितली त्याच्यामुळे बाकीच्यांचे काम वाढले की सोबतचे कसे बघतात, हे आमच्या मुलाने आम्हाला वेगळे सांगायची गरज नव्हती.

पुढे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा दिली आहे. निर्गममध्ये तिचे कारण देवाने सृष्टी घडवून विसावा घेतला हे आहे. अनुवादात कारण दुसरे आहे. तुझ्या दासाने आणि दासीने तुझ्यासारखाच विसावा घ्यावा, कारण तूही मिसर देशात दास होतास, असा तिथला अर्थ. इतकी वर्षे मुलांना आज्ञा शिकवताना आम्ही पहिलेच कारण सांगत आलो होतो.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना तर रविवार मोकळा नव्हताच. रोमन साम्राज्यात तो कामाचा दिवस होता आणि आपल्यांपैकी पुष्कळजण गुलाम होते. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, पांगतात आणि नंतर जेवणासाठी पुन्हा एकत्र येतात, असे त्याने चौकशीत ऐकले होते. चौकशी म्हणजे छळ. त्याने ज्यांचा छळ केला त्यांत दोन दासी होत्या, आणि त्या मंडळीतल्या सेविका होत्या. उजाडण्यापूर्वी का, हे पत्रात लिहिलेले नाही. पण उजाडल्यावर धन्याच्या घरी पाणी भरायला जावे लागणाऱ्या बाईला दुसरी वेळ कोणती असणार? ते धन्याकडे वेळ मागायला गेलेच नाहीत. त्यांनी झोपेतून वेळ काढला.

दोनशे वर्षांनंतर, ७ मार्च ३२१ रोजी, सम्राट कॉन्स्टंटाइनने हुकूम काढला की सूर्याच्या दिवशी शहरांतील न्यायालये आणि कारागिरांची कामे बंद राहावीत. शेतकऱ्यांना मात्र त्याने यातून मोकळे ठेवले, कारण पेरणीची वेळ चुकली तर पीक हातचे जाते. म्हणजे रविवारचा पहिला कायदा झाला तेव्हाच त्यात अपवादही आला.

आता आपल्या सुरतेकडे येऊ. इथे तर एके काळी उलटी गंमत होती. सतराव्या शतकात तापीकाठी इंग्रजांची वखार होती आणि कंपनीने तिथे पगारी पाद्री ठेवले होते. १६८९ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने सुरतेच्या प्रवासावर पुस्तकच लिहिले आहे. वखारीतल्या इंग्रज नोकरांना रोज प्रार्थनेला हजर राहावे लागे. तो नोकरीच्या शिस्तीचाच भाग होता. मालक प्रार्थनेला येऊ देत नाही म्हणून आज आपण तक्रार करतो, आणि याच शहरात तेव्हा मालक प्रार्थना चुकवू देत नव्हता! अर्थात ही काळजी गोऱ्या नोकरांच्या आत्म्यांची होती. गोदीवर गाठोडी वाहणाऱ्या हमालाला कोणता वार पाळायचा आहे, हे कोणी विचारत नव्हते.

हाच भेद पुढे दीडशे वर्षे चालला. १८४० च्या दशकात गव्हर्नर जनरल हार्डिंग याने सरकारी बांधकामे रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. कचेऱ्यांना रविवार मिळाला. पण पुढे मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, सातारा, पुणे, रत्नागिरीकडून माणसे येऊन त्यांत उभी राहिली, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी असा काही प्रकार नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. गिरणी बंद असलेल्या रविवारीही यंत्रे साफ करायला बोलावत. १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. त्याने लहान मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, मोठ्या माणसांना काही नाही.

इथे ज्यांचे नाव घ्यायचे आहे ते आपले नव्हेत. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. ते सत्यशोधक समाजाचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केल्याने कामगारांची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १८८० पासून त्यांनी मुंबईतून 'दीनबंधु' हे पत्र चालवले. (फुल्यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते एवढाच आपला या कुळाशी धागा. त्याहून जास्त श्रेय आपण घेऊ नये.)

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या बघा: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई. यातल्या एकाही ओळीसाठी कोणत्या धर्माचा दाखला लागत नाही. पण रविवारच का? खंडोबाचा वार म्हणून, असे लोखंड्यांविषयी सांगितले जाते. साताऱ्या-पुण्याकडच्या गिरणी कामगारांत जेजुरीचे भक्त घरोघर होते, त्यामुळे ते पटणारेही आहे.

मालकांचे उत्तर आपल्या ओळखीचे वाटेल. कामगार आधीच वाटेल तेव्हा गावी निघून जातो. त्याला त्याचे सण आहेत, रविवार हा साहेबांचा वार, त्याला कशाला? आणि हे सगळे लँकेशायरचे गिरणीवाले करवून घेत आहेत, मुंबईचा माल महाग व्हावा म्हणून. यातली शेवटची शंका अगदी खोटी नव्हती. इंग्लंडमधले गिरणीमालक भारतातल्या कारखान्यांवर कायदे यावेत म्हणून खरेच दडपण आणत होते, आणि ते काही मुंबईच्या मजुराच्या प्रेमाने नव्हे. पण आळशीपणाचा आरोप मात्र फारोपासून जसाच्या तसा चालत आलेला दिसतो.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगार बोलल्या. १८९० साली, दहा हजार पुरुषांच्या समोर, गिरणीत काम करणाऱ्या दोन बाया उभ्या राहून आठवड्याला एक दिवस विसावा द्या असे म्हणाल्या, हे वाचताना आम्हाला प्लिनीच्या पत्रातल्या त्या दोन दासी आठवल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कारखाना कायदा बदलला आणि १८९२ च्या आरंभापासून ही सुट्टी कायद्यानेच लागू झाली.

त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावरचे आपले प्रसिद्ध परिपत्रक 'रेरुम नोवारुम' काढले. त्यात रविवारचा विसावा हा कामगाराचा हक्क मानला आहे, आणि तो आळसासाठी नसून देवाच्या उपासनेसाठी आहे असेही म्हटले आहे. मुंबईच्या सभेला रोमची खबर नव्हती आणि रोमला परळची नव्हती. तरी एकाच सुमारास दोन्हीकडून तेच मागितले गेले. मे महिन्यात कामगार संत योसेफचा सण करताना आपण लिओ पोपांचे नाव घेतो. लोखंड्यांचे आम्ही आजवर कधी घेतले नव्हते. १८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगची साथ चालू असताना, तिच्यातच ते वारले.

१८९१ च्या त्या दुरुस्तीत एक तरतूद होती. रविवारी काम घ्यायचेच असेल तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवसाची सुट्टी द्यावी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५२ व्या कलमातही ती होती, आणि अशी अदलाबदल करताना सलग दहा दिवसांहून अधिक काम होता कामा नये अशी मर्यादाही होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे आणि तिच्यातही आठवड्यात सहा दिवसांहून जास्त काम घेऊ नये असे आहे. गुजरातचा २०१९ चा दुकाने व आस्थापना कायदा दुकाने चोवीस तास उघडी ठेवू देतो, पण आठवड्याला सलग चोवीस तासांचा विसावा त्यानेही ठेवला आहे. म्हणजे विसावा आहे, पण तो रविवारीच येईल असे नाही. आमच्या पत्राची गफलत इथे होती. ज्याचा हक्क कायद्याने आहे तो आठवड्याचा दिवस आम्ही मागितलाच नाही. आणि जो दिवस शेठजींनी ठरवायचा, तो मात्र हक्क म्हणून मागून बसलो.

सणाच्या सुट्टीचेही असेच आहे. आपल्या शेजारी, वापीपलीकडे, दादरा नगर हवेली आणि दमण इथल्या प्रशासनाने २०१९ साली गुड फ्रायडे राजपत्रित सुट्ट्यांतून काढून ऐच्छिक सुट्ट्यांत टाकला. तिथले एक ख्रिस्ती गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्या वर्षीचा गुड फ्रायडे, १९ एप्रिल, येण्यापूर्वीच न्यायालयाने सुट्टी पूर्ववत करायला सांगितले. तेव्हा आपल्याकडेही आनंद झाला होता. पण जानेवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच भागातल्या दुसऱ्या एका प्रकरणात, २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाच्या सुट्टीबाबत, सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नाही असे म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिलाच तेवढा लक्षात ठेवला तर आपण पुन्हा आमच्यासारखेच पत्र लिहू.

एक गोष्ट आपल्या घरातलीही सांगायला हवी. आम्ही त्या मुलाला सर्वांसमोर बोललो तेव्हा ख्रिस्तसभेचा स्वतःचा नियम आम्ही नीट पाहिला नव्हता. १९८३ च्या धर्मसंहितेचे १२४७ वे कलम रविवारच्या मिस्साचे बंधन घालते, हे आपण सर्वजण जाणतो. १२४८ वे कलम म्हणते की आदल्या संध्याकाळच्या मिस्सानेही ते बंधन पूर्ण होते. आणि १२४५ व्या कलमानुसार योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे फादर एखाद्याला या बंधनातून सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरे भक्तिकार्य ठरवून देऊ शकतात. म्हणजे शेठजींकडे सूट मागण्याआधी तो मुलगा फादरांकडेही सूट मागू शकत होता, आणि हे त्याला सांगणे आमचे काम होते. ज्या माणसाला कामावरून काढतील म्हणून तो आला नाही, त्याच्या डोक्यावर पापाचे ओझे आम्ही आमच्या अज्ञानाने ठेवले.

आम्ही त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो ओशाळला. "असू द्या मास्तर," म्हणाला, "पण मला सूट नको, मला यायचंय."

दुसऱ्यांदा आम्ही पत्र लिहिण्याआधी मिलच्या गेटवर जाऊन चहा प्यायलो. तिथे कळले की त्याच्याच मशीनवर उलट्या पाळीत ओडिशातल्या गंजामचा एक माणूस आहे. रथयात्रेच्या दिवशी सुट्टी मिळत नाही म्हणून तो दरवर्षी शेठजींशी भांडतो आणि दरवर्षी हरतो. बॉयलरवर उत्तर प्रदेशातला एक मुसलमान कारागीर, त्याला शुक्रवारी दुपारी एक तास हवा असतो. तो मुकादमाला न विचारता जातो आणि पगार कापून घेतो. तिघे एकाच नळावर हात धुतात, पण यातले एकमेकांशी कधी बोलले नव्हते. आम्हीही पहिले पत्र लिहिताना आत आणखी कोण आहे हे विचारले नव्हते.

दुसरे पत्र पहिल्याच्या निम्मे होते. त्यात कलम नव्हते, आज्ञाही नव्हती. फादरांची सही नव्हती, तिघांच्या सह्या होत्या. दिवसपाळीच्या रविवारी हा मुलगा साडेदहाला येईल, तोवर रात्रीचा माणूस मशीनवर थांबेल. रथयात्रेला त्याचे तेवढे तास हा भरून काढील. शुक्रवारचा एक तास दोघे आळीपाळीने बॉयलरकडे बघतील, पगार कापू नये. मशीन एक मिनिटही बंद राहणार नाही. शेठजींनी ते दोन दिवस टेबलावर ठेवले. तिसऱ्या दिवशी मुकादमाला बोलावून म्हणाले की तीन महिने करून बघू. शुक्रवारच्या पगाराचे त्यांनी मान्य केले नाही. तो तास अजून कापलाच जातो, आणि ते आम्हाला खटकते.

येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात अर्धा तास थांबावे ही विनंती. आपल्या धर्मग्रामात आणखी कोणाकोणाची रविवारी पाळी असते याची यादी करायची आहे. शनिवारी रात्री नऊला मराठी मिस्सा सुरू करता येईल का, हे फादर त्यावरून ठरवणार आहेत. जे पाळीमुळे येऊ शकणार नाहीत त्यांची नावे घरच्यांनी द्यावीत. यावेळी ती कोणी मोठ्याने वाचणार नाही.